केरसुणीचा पाठ

"मॅडम, बसा की खाली. तुमच्या हाताला सवय हाय."

मुख्याध्यापक सर हे बोलले तेव्हा माझ्या हातात खडू होता. पहिली ते चौथीची पोरं एकाच वर्गात बसवलेली. भिंतीला लागून पालक उभे, खुर्चीवर शाळा समितीचे अध्यक्ष. आणि फरशीवर सरांनी स्वतःच्या गाडीवरून आणलेला शिंदीच्या पानांचा भारा.

मी कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत शिक्षणसेविका. जात मातंग. माझ्या माहेरी केरसुण्या बांधतात, आजा-पणजापासून.

पाठ माझाच होता. एक वस्तू धरायची आणि तिच्यातून गणित, भाषा, परिसर, चित्रकला सगळं शिकवायचं. केरसुणी मीच निवडली. लक्ष्मीपूजनाला घरोघरी तिला हळदकुंकू वाहतात, मग ती बांधतं कोण हेही पोरांना कळू दे, म्हटलं. पहिलीनं पानं मोजायची, दुसरीनं त्यांची लांबी घ्यायची, तिसरीनं ओढ्याकाठचं शिंदीचं झाड बघून त्याचं चित्र काढायचं, आणि चौथीनं मुलाखत घ्यायची. मुलाखत माझ्या चुलतीची. तिला खुर्चीवर बसवायचं, पोरांनी काकू म्हणून प्रश्न विचारायचे. आराखडा लिहिताना मी लय खूश होते. चुलतीनं नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी सरांनी चुलतीला परस्पर निरोप धाडला, येऊ नका म्हणून. का, ते मला वर्गात कळलं. बाहेरची बाई कशाला, शाळेत घरचीच होती ना, मी.

मी बसले. होय, बसले. घरात कमावती मी एकटी. शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपत आलेली आणि कायम व्हायला सरांचा शेरा लागतो. मी पदर खोचला आणि पानं मुठीत आवळायला लागले. माझ्या जागी, फळ्यापाशी, सर उभे राहिले आणि माझा पाठ घ्यायला लागले. माझेच प्रश्न, माझीच उदाहरणं. एक पालक मोबाईलवर शूटिंग करत होता. अध्यक्ष म्हणाले, बाईंचा हात काय झ्याक चालतोय. सगळे कौतुकानं हसले. कौतुकानं, बरं का. शिवी दिली असती तर निदान तक्रार तरी करता आली असती.

पुढच्या आठवड्यात तिसरीतली एक गुणी पोरगी वही दाखवायला आली. वही पुढं ठेवून म्हणाली, "बाई, आईनं दोन केरसुण्या सांगितल्यात. दिवाळीच्या आत द्या म्हणाली."

मी तिच्या गणितावर बरोबरची खूण केली. दुसरं काय करणार? पोरीचा काय दोष? तिला पाठ समजला होता. वर्गात बाईची जागा कुठली, हे आम्ही तिला सगळे विषय जोडून शिकवलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, शेरा पडेस्तोवर कळ काढ. त्याचंही खोटं नव्हतं. पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसायची मला हौस होती, ती गेली. खाली टेकले की वाटायचं, आता कुणीतरी पुढ्यात भारा आणून टाकील. आणि शाळा सोडून जायची सोय नव्हती.

मग केंद्राची शिक्षण परिषद आमच्याच शाळेत ठरली. आसपासच्या गावांतले सगळे शिक्षक येणार, केंद्रप्रमुख येणार. तोच पाठ परत दाखवायचा, असं सरांनी मला न विचारता कळवून टाकलं होतं. सकाळी गाडीवरून भारा उतरला. वर्ग भरला. सरांनी फरशीकडं हात केला.

मी खडू उचलला.

"सर, पाठ माझा आहे. मी उभी राहून घेणार."

सर हसत हसत जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "शेरा अजून मलाच लिवायचाय, ध्यानात हाय न्हवं?"

माझी शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "लिवा की. पण ही बाई आता खाली बसायची न्हाई."

हे सगळ्यांनी ऐकलं. शिक्षक म्हणवणारी माणसं माना खाली घालून आराखडे चाळत बसली. केंद्रप्रमुखांना एकदम चहाची आठवण झाली. मी फळ्याकडं वळले आणि पोरांना विचारलं, केरसुणी घरात पुजतात, मग ती बांधणाऱ्या बाईला उंबऱ्याबाहेर का उभं करतात? चौथीतल्या एकानं हात वर केला. तो बोलायच्या आत सरांनी तास संपल्याची घंटा वाजवायला लावली.

शेरा पडला. सहकार्याची वृत्ती नाही, वरिष्ठांचा मान राखत नाही. फाईल तालुक्याला अडकून पडली आहे. नवरा माझ्याशी धड बोलत नाही. भीती वाटते का? वाटते. रोज वाटते.

पण त्या पोरानं वर केलेला हात अजून खाली आलेला नाही. त्याचं उत्तर मी ऐकणार, पुऱ्या वर्गासमोर, आणि पुढचा प्रश्नही मीच विचारणार. नोकरीवरून काढायचं असेल तर काढा. पण उभीलाच काढावं लागेल.