बाबली नावाचा ब्रेक

माझ्या कुंपणाची भिंत गेल्या श्रावणापर्यंत मी अकरा वेळा पुन्हा बांधली होती. वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर रामचंद्रबाब, म्हणजे मी, काय करतात असं आमच्या गावात, पार्श्यात, कोणी विचारलं, तर लोक सांगतात, भिंत बांधतात. आमच्या वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, रस्ता देवळाकडून उतरत येतो आणि माझ्या दारात एकदम वळतो. जी गाडी वळत नाही ती माझ्याकडे येते. आणि न वळणारी गाडी गावात एकच, शेजारच्या गोकुळदासाची पिकप.

तरी पस्तीस वर्षांत फक्त अकरा वेळा. मला राग पटकन येतो, पण हिशेबाला मी चोख आहे. भिंत रोज पडली नाही याचं श्रेय बाबलीचं. बाबली हा त्या पिकपचा ब्रेक. हे मी अलंकारिक बोलत नाही.

ती पिकप पोर्तुगीज अमदानीत कुणा भाटकारासाठी, म्हणजे जमीनदारासाठी, अमेरिकेहून बोटीने आली. म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. बॉनेटवरचं कंपनीचं नाव एकेक अक्षर करून धारगळच्या रस्त्यावर सांडलं. गोकुळदासाने वडिलांकडून ती हातात घेतली तेव्हाच ब्रेकचं पेडल दाबलं की थेट तळाला जात होतं. पार्ट मिळेना. गोकुळदासाने महिनाभर वाट पाहिली आणि मग त्या पेडलावर छत्री टेकवून ठेवायला सुरुवात केली. ब्रेकसाठी शाळेतला सोबती बाबली ठेवला.

पद्धत अशी. गाडी पहिल्या गियरात, माणूस चालेल त्या वेगाने. मागे फळीवर बाबली, त्याच्या मांडीवर फणसाच्या लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा. थांबायचं झालं की गोकुळदास खिडकीतून ओरडायचा, "बाबलीऽ!" बाबली उडी मारायचा, चार पावलं धावायचा आणि ठोकळा मागच्या चाकाखाली सरकवायचा. गाडी उचकी दिल्यासारखी थांबायची. धारगळला हायवे ओलांडताना बाबली आधीच उतरून दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा, आणि मुंबईहून गोव्याला मजा करायला निघालेल्या गाड्या कचाकचा ब्रेक लावायच्या. त्यांचे ब्रेक चांगले होते.

गाडीचे पुढचे पाटेही, म्हणजे स्प्रिंगच्या कमानदार पट्ट्या, सपाट झाले होते. त्यामुळे आत बसलेल्या माणसाची आतडी जागा बदलत. पण गोकुळदासाच्या बायकोला, विमलाला, त्याचं दुःख नव्हतं. ती दह्याची बरणी आरशाला टांगून द्यायची. धारगळला जाऊन परत येईपर्यंत वर लोणी जमलेलं असे. त्या घरात रवी नव्हतीच.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच गेल्या श्रावणात बाबलीची उडी चुकली. पेडण्याच्या डॉक्टरांकडे त्याला मीच नेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी एकदा उडी मारली तर हा गुडघा संपला. यांचं काम काय आहे?" मी म्हणालो, ब्रेक. डॉक्टरांनी माझाच रक्तदाब तपासला.

मी गोकुळदासाला सगळं सांगितलं.

"रामचंद्रबाब," तो म्हणाला, "बाबल्याक ह्यातलां कायएक सांगू नकात. गुडघ्याचां कळलां तर तो मुद्दाम उडयो मारतलो."

"मग करणार काय?"

"ब्रेक घालतंय."

मी खुर्चीला धरून बसलो. पस्तीस वर्षं मी हेच सांगत होतो.

म्हापशाच्या गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरी पिकप आली असती, तीही ब्रेकसकट. तेव्हा गोकुळदास कारापूरला केरबाकडे गेला. केरबा मूळचा कोल्हापूरकडचा, वेल्डिंग करायला इकडे आला आणि भंगाराच्या अड्ड्याशेजारी शेड टाकून राहिला. तो पिकपखाली शिरला आणि अर्ध्या तासाने बाहेर आला.

"मालक, हिच्यात पुढं बेरिंग सोडलं तर काय बी जागेवर न्हाई," तो म्हणाला. "आन बेरिंग बी न्हाईत. नुसता ब्रेक लावून भागायचं न्हाई. पुढं पाटं असं सपाट असलं तर ब्रेक मारल्यावर गाडी नाक घासंल. आधी पाटं, मग ब्रेक."

नवं काही घ्यायचं नाही असं ठरलं. शेजारच्या अड्ड्यात खाणीवर राबून मेलेली एक जीप पडली होती. तिचा पुढच्या चाकांचा अख्खा दांडा, म्हणजे एक्सल, केरबाने डिस्क ब्रेकांसकट काढला. पिकपच्या चाकाची पाच भोकं त्या दांड्याच्या पाच बोल्टांवर तंतोतंत बसली, तेव्हा केरबाने टोपी काढून त्या जीपला नमस्कार केला. पाटे भट्टीत तापवून, ठोकून त्यांना पुन्हा कमान दिली, खाली एक जादा पाटा घातला. धक्के खाणारे शॉक एका मोडीतल्या मिनीबसचे. जीपची स्टिअरिंगची दांडी उजवीकडची, ती डावीकडे फिरवण्यात मात्र दोन दिवस आणि केरबाच्या सगळ्या शिव्या खर्च झाल्या.

पार्श्यात बातमी लपत नाही. तिसऱ्या दिवशी बाबली लंगडत गोकुळदासाच्या दारात आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"पस्तीस वर्सां मी ब्रेक," तो म्हणाला. "आता तुका लोखंडाचो जाय? कित्याक? माका जेवण घालूचा लागता म्हणून?"

गोकुळदासाने सांगायला हवं होतं. पण तो मान खाली घालून बशीतला चहा फुंकत राहिला. चहा केव्हाच निवला होता.

बाबलीने काखेतला ठोकळा काढून पायरीवर ठेवला. "ह्यो घे. चुलीत घाल. फणसाचा लाकूड, बरा जळता."

तो गेला. मला इतकं वाईट वाटलं की मी दुसरा चहा मागितलाच नाही.

गणेश चवथीच्या आठ दिवस आधी गाडी तयार झाली. आमच्या वाड्यावरच्या नऊ घरांचे गणपती दरवर्षी धारगळच्या चित्रशाळेतून त्याच पिकपमधून येतात, त्यामुळे चाचणी बघायला सगळा वाडा जमला. पहिल्यांदा केरबाने चालवली. आरशाला विमलाची बरणी टांगून तो धारगळला जाऊन आला. बरणीत दही जसंच्या तसं. त्याने ती झेंड्यासारखी वर धरली. लोक टाळ्या वाजवत होते आणि विमला विचारत होती, "मगे आता लोणी खंयचां?" मग केरबाने उतारावरून गाडी सोडली आणि माझ्या भिंतीपासून दहा हातांवर पापणी मिटावी तशी अलगद थांबवली. मी त्याला तिथेच मिठी मारली.

मग गोकुळदास बसला. छत्री बाजूला काढली. गाडी उतरू लागली. वळण आलं. आणि गोकुळदास सगळा जीव एकवटून ओरडला, "बाबलीऽ!"

पाय जागचा हलला नाही. बाबली घरी रुसून बसला होता. बारावी भिंत.

गाडीला ओरखडाही नव्हता. केरबा पुन्हा खाली शिरला, सगळं तपासून बाहेर आला. "ब्रेक झ्याक हाय मालक," तो म्हणाला. "पर तो डायवरच्या तोंडात बसलाय, पायात न्हाई."

ते अगदी खरं होतं. पस्तीस वर्षांत संकट दिसलं की गोकुळदासाचा पाय नाही, गळा चालत आला होता. पुढचे तीन दिवस ओसरीवर शिकवणी चालली. तो खुर्चीत बसायचा, पायाखाली वीट. विमला आतून ओरडायची, "म्हस आयली!" आणि गोकुळदास विटेवर पाय न दाबता घसा ताणून ओरडायचा, "बाबलीऽ!" तीन वाड्यांपलीकडे बाबलीला ते रोज चाळीस-पन्नास वेळा ऐकू जात असे. तो एकदाही आला नाही. हाक मारून चेष्टा करतात असंच त्याला वाटलं असणार.

चौथ्या दिवशी केरबा एक पेडल घेऊन आला. भंगारात ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांची एक मोटार आली होती. तिच्यात शिकवणाऱ्या मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो त्याने उपटून आणला होता.

"बाजूच्या शीटवर दुसरा मानूस बसवायचा," तो म्हणाला. "ह्यो वरडला की त्यानं दाबायचं. हाय का असं कोन?"

आम्ही तिघेही बाबलीकडे गेलो. तो अंगणात सुपाऱ्या सोलत होता, दुखरा पाय लांब पसरून. गोकुळदास त्याच्या पुढ्यात उभा राहिला.

"गाडी सारकी जाली," तो म्हणाला.

"बरां जालां."

"पण थांबना."

"बरां जालां."

आणि गोकुळदास वाकून अंगणातल्या सुपाऱ्या गोळा करायला लागला. मग मात्र माझं डोकं फिरलं. बारा भिंती पडल्याचा सगळा राग एकदम वर आला. "अरे गाढवांनो," मी ओरडलो, "बाबली, तुझा गुडघा जाईल म्हणून याने ब्रेक घातला! डॉक्टरांनी उडी बंद सांगितली आहे! हा तुला सांगत नाही, तू याला विचारत नाहीस, आणि मधल्या मधे भिंत माझी पडते!"

बाबलीच्या हातातली सुपारी तशीच राहिली. तो गोकुळदासाकडे वळला.

"गुडघ्याखातीर?"

गोकुळदासाने मान हलवली.

"मगे हां सांगूक तुज्या तोंडाक कुलूप होतां? नायतर सगळ्या गावाक आयकू येता इतक्यान बोवाळतंस!"

"सांगलां असतां तर तू उडी मारून दाखयलं असतंस."

"मारलीच असती," बाबली म्हणाला आणि डोळे पुसलेले दिसू नयेत म्हणून उगाच सुपारीची साल झटकली.

चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही धारगळला गेलो. पेंढ्यावर नऊ गणपती, त्यांना धरून नऊ घरचे नऊ जण. मी मागे, आमच्या गणपतीला धरून. स्टिअरिंग डावीकडे, तेव्हा पस्तीस वर्षं शेपटीला बसणारा बाबली आता पुढे, उजव्या खिडकीत, जिथे इतर गाड्यांचा ड्रायव्हर बसतो तिथे. धुतलेला सदरा घालून, पायाशी केरबाने बसवलेलं मास्तरचं पेडल. हायवेवर पोलिसाने हात केला आणि त्याच्याकडे लायसन मागितलं.

"थंय विचारा," बाबलीने डावीकडे बोट केलं. "माजो फकत ब्रेक."

पोलीस डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे गेला. शेवटी त्याने गणपतींना हात जोडले आणि आम्हाला जायला सांगितलं.

देवळाजवळ उतार सुरू झाला तसं कोणी बोलेना. खाली माझी तेरावी भिंत. गिलावाही अजून ओला होता. मी गणपतीच्या सोंडेआडून बघत होतो. वळण जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि गोकुळदास नेहमीसारखाच, छाती फुटेस्तोवर ओरडला, "बाबलीऽ!"

बाबलीने नुसता पाय टेकला. गाडी थांबली. एकाही गणपतीच्या हातातला मोदक हलला नाही. भिंत अजून हातभर दूर होती. मागचे सगळे मोरया म्हणून ओरडले, मी सगळ्यांत मोठ्याने.

बाबलीने सवयीने दार उघडलं आणि एक पाय बाहेर काढला. गोकुळदासाने त्याचा खांदा धरून त्याला परत सीटवर बसवलं. स्वतः उतरला. सीटखालून त्याने फणसाचा ठोकळा काढला. विमलाने तो चुलीत घातला नव्हता. गाडीला वळसा घालून तो मागच्या चाकापाशी आला, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि उकिडवा बसून त्याने ठोकळा चाकाखाली सरकवला.

बाबली खिडकीतून वाकून बघत होता.

"उलटो घातलंस रे," तो म्हणाला.

गोकुळदासाने ठोकळा काढला आणि पुन्हा नीट बसवला.