रंगावरून ठेवलेलं नाव

लेबलकाकांच्या मागच्या खोलीत ऐंशी डबे होते आणि प्रत्येक डब्यात तळहाताएवढा एक केसाळ कोळी, टॅरांटुला. पाहुणे तिकडे फिरकत नसत. काकांना त्याचं दुःखही नव्हतं. प्रत्येक डब्यावर मोत्यासारख्या अक्षरात शास्त्रीय नाव. दुकानदार एकाच कोळ्याला आज एक नाव देतील, उद्या दुसरं; काकांचं लेबल मात्र काळ्या दगडावरची रेघ. कोळी पाळणारे चाळीसेक जण त्यांना विचारूनच आपल्या डब्यांवर नावं लिहीत. नुसता फोटो पाठवून नाव विचारणाऱ्यावर काका खेकसत, "रंगावरून ओळखायला ती काय साडी आहे?"

त्यांची सगळ्यात लाडकी निळ्या पायांची मादी. नखाएवढी होती तेव्हा आणली आणि अकरा वर्षं वाढवली. तिला नर मिळता मिळत नव्हता. शेवटी पोस्टमास्तरांनी, म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेल्या त्यांच्या मित्राने, त्याच नावाचा नर पाठवला. जोडी जमली, अंड्यांची पिशवी झाली आणि तीनशे बारा पिल्लं निघाली. त्रेसष्टाव्या वर्षी काका खोलीत चक्क नाचले. काकूंनी दारातून पाहिलं आणि देवाला हात जोडले.

जोडीनंतर मेलेला नर आणि मादीने टाकलेली कात काकांनी कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना कौतुकाने पाठवली. उत्तर तीन ओळींचं आलं. नर आणि मादी एका जातीचे नाहीत. पूर्वी ही एकच जात मानत, सहा वर्षांपूर्वी तिच्या दोन केल्या. नराचं लेबल बरोबर आहे, मादीचं चुकलंय.

काकांनी मादीचा डबा समोर ओढला. सहा वर्षांपूर्वी दोन नावं झाली, तेव्हा कात सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यायला हवी होती. पण पुढची कात पडेपर्यंत महिने गेले असते, आणि बिननावाचा डबा डोळ्यांना खुपत होता. पाय जरा गडद निळे दिसले, म्हणून त्यांनी एक नाव चिकटवून टाकलं. खुद्द काकांनी! वर चाळीस जणांना तोच सल्ला दिला.

दोन जातींची मिश्र पिल्लं घराबाहेर जाता कामा नयेत, हा नियमही काकांचाच. त्यांनी तीनशे बारा डब्या ट्रेमध्ये भरल्या आणि स्वयंपाकघरात नेल्या. फ्रीझरच्या दारापुढे काकू उभ्या होत्या.

"अहो, जिवंत आहेत ती. आपण सांभाळू ना."

"वीस-वीस वर्षं जगतात माद्या. मी गेल्यावर?"

"कुणी तरी नेईल."

"नेईल ना. आणि पायांचा रंग बघून नाव चिकटवेल." काकांनी ट्रे पुढे केला. "माझ्यासारखंच."

काकू बाजूला झाल्या. त्यांनी वाटाण्याची पिशवी काढून जागा करून दिली, आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. काकांनी एकेक ट्रे आत सरकवला. डब्यांमध्ये बारीक पाय हलत होते. ते बघायचं नाही असं ठरवूनही त्यांनी बघितलं. इतकं हताश त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फोन वाजला. पोस्टमास्तर होते.

"काका, पेढे कुठायत? नराच्या बदल्यातली माझी दहा पिल्लं बाजूला काढलीत ना?"

पिल्लं दगावली म्हटलं असतं तर भागलं असतं. काकांच्या ओठांवर तेच आलं होतं. पण चाळीस घरांतल्या चाळीस डब्यांवर त्यांचा शब्द चिकटलेला होता, आणि तिथेही कधी तरी जोड्या लागणार होत्या.

"पिल्लं मी मारली," काका म्हणाले. "मादीचं नाव चुकीचं होतं. रंगावरून ठेवलं होतं मी."



"तुम्ही?" पोस्टमास्तर म्हणाले.

"हो, मी. तुमच्याकडच्या निळ्या पायांच्या मादीचं लेबल आत्ताच्या आत्ता काढा."

मग काकांनी वही उघडली आणि दुसरा नंबर फिरवला. अजून एकोणचाळीस जणांना हेच सांगायचं होतं.