मोटारसायकल आधी आडवी करून बघा

सन २००५. माझं वय त्रेपन्न. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात मी रिगरांचा चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुख्य होतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होतो, तेवढ्यात चोवीस वर्षांची इंजिनिअर पोरगी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मोटारसायकल कोणती घेऊ?"

रिगर म्हणजे काय ते आधी सांगतो. कारखान्यात वीस, चाळीस, साठ टनांचे लोखंडी भाग असतात. ते उचलते क्रेन, पण क्रेनच्या हुकाला ते बांधतो आम्ही. कुठे बांधायचं, वजन कुठल्या बाजूला झुकेल, दोर किती लांब हवा, हे सगळं आमच्या डोक्यात. शाळा मी चौथीपर्यंत केली. पण तीस वर्षांत मी बांधलेला एकही लोड पडला नाही. हे मी आजही छाती काढून सांगतो.

माझा नियम एकच होता. लोड बांधला की आधी फक्त चार बोटं उचलायचा. थांबायचं. मग दुसऱ्या माणसानं येऊन धक्का देऊन बघायचा, दोर ओढून बघायचा. ज्यानं बांधलं त्यानं स्वतःचं तपासायचं नाही. या नियमावरून मी साहेब लोकांशी भांडलो आहे, आणि एकदाही हरलेलो नाही.

पोरीचं नाव रेवती. नागपूरची. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे आमच्या विभागात, सहा महिन्यांपूर्वी लागली होती. राहायची अवधपुरीत एका घरी खोली घेऊन. तेव्हा अवधपुरी नवी वसत होती. घरं झाली होती, रस्ता व्हायचा होता. सकाळी सव्वासहाला तिथे ऑटो मिळणं म्हणजे नशीब. सातचा भोंगा वाजायचा तेव्हा ही गेटबाहेर धापा टाकत असायची. महिन्यात तीनदा झालं.

त्या गुरुवारी सक्सेना साहेबांनी, म्हणजे आमच्या शॉप मॅनेजरनी, तिला सगळ्यांसमोर सुनावलं. "रेवती, सोमवार को सात बजे फ्लोअर पर नहीं दिखीं तो लिफ्ट कोई और कराएगा. और तुम प्लॅनिंग में बैठोगी. वहाँ जनरल शिफ्ट है, आराम से आना."

लिफ्ट म्हणजे उचल; सोमवारी साठ टनांची केसिंग उचलायची होती. केसिंग म्हणजे टर्बाइनचं लोखंडी कवच. त्या उचलीचा सगळा हिशोब रेवतीनं केला होता, दोन आठवडे बसून. आणि प्लॅनिंग म्हणजे टेबल, खुर्ची, कागद. एकदा तिकडे बसलेला माणूस फ्लोअरवर परत आलेला मी पाहिला नव्हता. तिला लोखंडाजवळ राहायचं होतं. ती रडली नाही. सरळ माझ्याकडे आली.

"स्कूटी का नाही घेत?" मी विचारलं.

"त्या रस्त्यावर? मैत्रिणीच्या स्कूटीचं चाक खड्ड्यात गेलं, काढायला दोन माणसं लागली."

उत्तर बरोबर होतं. चाक जितकं मोठं, तितका खड्डा लहान.

"चालवता येते?"

"कॉलेजात दादाची चालवायचे. लायसन्स आहे. रोजची सवय नाही."

"घरी विचारलंत?"

"बाबा म्हणाले, मुलींनी स्कूटीच घ्यावी."

"मग?"

"बाबा अवधपुरीत राहत नाहीत, काका."

मला पोरगी तिथेच आवडली. शॉपमध्ये मी तिला तुम्ही म्हणायचो, गेटबाहेर तू. म्हटलं, शनिवारी शिफ्ट सुटल्यावर जाऊ.

शोरूममध्ये टाय लावलेला सेल्समन धावत आला. तिला थेट सगळ्यात दांडग्या गाडीपाशी घेऊन गेला. "मॅडम, इसका पिकअप देखिए. हवा से बातें करेगी."

"बातें रहने दो भाई," मी म्हणालो. "वजन कितना है?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं कागद काढून बघितला. एकशे चाळीस किलोच्या वर.

"ठीक. अब इसको लिटा दो."

"जी?"

"जमीन पर. आडवी."

"अंकल, ये शोरूम पीस है!"

"पीस ही देखने आए हैं."

मी पिशवीतून दोन गोणपाटं काढून फरशीवर अंथरली. लोखंडाखाली गोणपाट घालायची आम्हाला सवय. रिगर त्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आतून शोरूमचा मालक आला. मी त्याला समजावलं की बाबा, ही पोरगी रोज खड्ड्यांतून जाणार. पहिल्या महिन्यात एकदा तरी पडणार. नवा माणूस पडतोच, त्यात लाज नाही. पडल्यावर रस्त्यात गाडी एकटीनं उचलता आली नाही तर ती गाडी तिची नव्हे, रस्त्याची. मालक हसला. त्यानं मान हलवली. टाकी कोरडीच होती, सांडायला काही नव्हतं. गाडी आम्ही हळूच गोणपाटावर आडवी केली.

मग मी रेवतीला उचलायचं शिकवलं. आधी गाडी गिअरमध्ये, म्हणजे चाक घरंगळत नाही. गाडीकडे पाठ करायची. सीटच्या कडेला बूड टेकवायचं. एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला. हात ताठ. आणि मग पायांनी मागे ढकलत चालायचं. कंबर वापरायची नाही, मांड्या वापरायच्या. साठ टन असो नाहीतर शंभर किलो, कंबर ही उचलायची वस्तूच नाही.

दांडगी गाडी तिच्यानं हलली नाही. दुसरी अर्धी उठली आणि परत बसली. तिसरी साधी होती, शंभर सीसीची, बिचारी कोपऱ्यात उभी होती. ती उठली. रेवती लालबुंद झाली होती आणि हसत होती. मेकॅनिक लोक हातातलं काम टाकून बघायला आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी तिला गाडीवर बसवलं. दोन्ही तळवे पूर्ण टेकले. हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवलं, कोपर ताणलं नाही.

"हीच," मी म्हणालो.

"रंग मी ठरवणार," ती म्हणाली आणि लाल घेतली.

सेल्समन मला दारापर्यंत सोडायला आला. "अंकल, बाकी लोग तो माइलेज पूछते हैं."

"बाकी लोगों को उठाने वाले मिल जाते होंगे," मी म्हणालो.

रविवारी सकाळी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मैदानावर सराव. आमचा क्रेन ऑपरेटर रईस चहाचा थर्मास घेऊन आला. जुन्या भोपाळचा माणूस, तमाशा असेल तिथे पहिला. मागून माझे दोन रिगरही आले. मी पायांत कारखान्याचे सेफ्टी शूज घाल म्हणून सांगितलं होतं, ते तिनं घातले. पण त्यांच्या नाकात लोखंडी वाटी असते. जाड नाक गिअरच्या दांडीखाली जाईना. रईसनं पाना घेऊन दांडी सोडवली आणि एक दाता वर बसवली. झालं काम. आमचे चामड्याचे हातमोजे मात्र चालले नाहीत, त्यात क्लच समजतच नाही. ओढणी घरी ठेवून आली होती, सांगावं लागलं नाही.

आणि हेल्मेट मी आणलं होतं. माझ्या कपाटातलं नवं कोरं, पिवळं. कारखान्याचं.

इथे गेटचा नियम सांगितला पाहिजे. डोक्यावर हेल्मेट नसेल तर दुचाकी आत नाही. पण कोणतं हेल्मेट, ते नियमात लिहिलेलं नव्हतं. म्हणून आम्ही सगळे फ्लोअरवरचं पिवळं हेल्मेटच घालून गाडीवर यायचो. साहेब लोक पांढरं घालून यायचे. सकाळी गेटवर बघितलं तर झेंडूचं शेत चालत येतंय असं वाटायचं. मी स्वतः वीस वर्षं स्कूटरवर तेच घालत होतो. एकदा क्रेनवरून नट पडला होता, या मुठीएवढा. त्या पिवळ्या हेल्मेटनं मला वाचवलं. त्यामुळे त्याच्याविरुद्ध मी शब्द ऐकून घेत नसे.

"काका, हे मोटारसायकलचं नाही," रेवती म्हणाली.

"डोकं तेच आहे ना? घाल."

तिनं घातलं. विटा मांडून आठचा आकडा काढला होता, त्याभोवती ती फिरायला लागली. चार फेऱ्या सुरेख झाल्या. पाचवीला तिनं वळणात पुढचा ब्रेक दाबला. गवतावर चाक सरकलं आणि ती गाडीसकट आडवी झाली.

लागलं काही नाही, वेग सायकलीचाही नव्हता. पण पिवळं हेल्मेट तिच्या डोक्यावरून आधीच सुटलं होतं आणि एकटंच गवतावरून चाललं होतं.

"को खाँ, उस्ताद!" रईस भोपाळी थाटात ओरडला. "टोपी तो मॅडम से पहले उतर ली!"

रेवती उठली. गाडीकडे पाठ केली, बूड टेकवलं आणि गाडी एकटीनं उभी केली. आम्ही कोणी हात लावला नाही. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवायला लागलो. पण ती टाळ्या ऐकत नव्हती. हेल्मेट उचलून माझ्याकडे येत होती.

"पट्टा नीट आवळला नव्हतास," मी आधीच सांगून टाकलं.

"आवळला होता. तुमचं बघू."

"माझं काय बघायचं?"

"चार बोटं, काका. ज्यानं बांधलं त्यानं तपासायचं नाही ना?"

रईस थर्मास खाली ठेवून उभा राहिला. दोन रिगर पुढे सरकले. आता नाही म्हणायची सोय नव्हती. मी स्कूटरवरचं माझं हेल्मेट डोक्यावर चढवलं. रेवती माझ्या मागे गेली, मागच्या कडेला तळहात लावला आणि वर ढकललं. हेल्मेट माझ्या नाकावर आपटून खाली पडलं.

"लोड गिर गया उस्ताद का!" रईसनं मैदान डोक्यावर घेतलं.

"माझा पट्टा मी कापलाय. उन्हाळ्यात घाम चावतो," मी म्हणालो.

"मग हे पट्टेवालं घाला."

घातलं. स्वतः आवळलं, गळा दुखेपर्यंत. तिनं परत मागून ढकललं. हेल्मेट डोळ्यांवर आलं, पट्टा हनुवटीवरून सरकला आणि तेही गेलं.

"आता दोन्ही हातांनी बाजूनं दाबा."

दाबलं. प्लास्टिकच्या टोपल्यासारखं आत आलं.

"वरून काही पडलं तर हे चांगलंच आहे," ती म्हणाली. "आतली झोळी डोकं आणि कवच यांच्यात जागा ठेवते. नट झेलायला ते बनवलंय. पण काका, गाडीवरून पडताना रस्ता वरून येत नाही. बाजूनं येतो."

मला राग आला. खोटं कशाला बोलू. मी चहा न घेता मैदानाच्या पार टोकाला गेलो. त्यांच्याकडे पाठ करून हेल्मेट पुन्हा घातलं, स्वतः मागून ढकललं. पडलं. दोनदा पडलं. म्हणजे वीस वर्षं मी एक लोड न तपासता फिरवत होतो, आणि तो लोड माझंच डोकं होता.

परत आलो. "चला," मी म्हणालो.

"कुठे?"

"दुकानात. तुला घ्यायचंय. मलाही घ्यायचंय."

दुकानदारानं मला मोठं हेल्मेट पुढे केलं. "अंकल, थोड़ा ढीला लीजिए, आराम रहेगा."

"ढीला लोड गिरता है, भैया," रेवती म्हणाली. आमच्या शॉपची भाषा पोरीच्या तोंडी चांगली बसली होती.

तिनं निवडायची रीत दाखवली. तोंडासकट सगळं डोकं झाकणारं, आत जाड थर्माकोलचा थर असलेलं, आयएसआयचा शिक्का असलेलं. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हलवलं की डोक्याची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट नुसतं फिरता कामा नये. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नाही. तिनं गाडीचे पातळ हातमोजेही घेतले, तळव्याला चामडं असलेले. मी ते हेल्मेट घालून इंद्रपुरीच्या घरी गेलो तर सुमन, आमची मंडळी, दारातच म्हणाली, "आता माझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून आणलंय होय?"

पुढचं इथेच सांगून टाकतो. सोमवारची केसिंग रेवतीनंच उचलवली. चार बोटांवर थांबवून धक्का तिनं स्वतः दिला. प्लॅनिंगचं नाव सक्सेना साहेबांनी परत काढलं नाही. पहिल्या महिन्यात ती एकदा पडली, मी म्हटलं होतं तशी, अवधपुरीच्या चिखलात. गाडी एकटीनं उचलली आणि चिखलासकट पावणेसातला हजर झाली. मला विचाराल तर गोष्ट साधी आहे. गाडी घेताना ती पडल्यावर काय होईल ते बघा, हेल्मेट घेताना आपण पडल्यावर काय होईल ते बघा. उभ्या गाडीवर सगळेच शोभून दिसतात.

राहिली ती सोमवारची सकाळ. मी साडेसहालाच गेटवर पोचलो आणि आत न जाता बाहेर उभा राहिलो. गार्डनं मला ओळखलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा माझा पास मागितला. मग माझी माणसं यायला लागली, एकेक पिवळी टोपी. मी प्रत्येकाला थांबवलं आणि मागून टोपी वर ढकलली. सहाच्या सहा पडल्या. रईसची सगळ्यात लांब गेली. तो टोपीमागे धावला तेव्हा मी त्याच्या कालच्या हसण्याचा पूर्ण वचपा काढला.

भोंग्याला वीस मिनिटं होती तेव्हा लाल गाडी आली. रेवतीनं पाय टेकले, काच वर केली. मी तिचा पट्टा धरून ओढला, मागून ढकललं. हललं नाही.

मग मी माझी हनुवटी वर केली. "आता माझं ओढ," मी म्हणालो. "ज्यानं बांधलं त्यानं तपासायचं नसतं."

तिनं दोन्ही हातांनी ओढलं. मान आली, हेल्मेट आलं नाही. मागे रईसनं टोपी काखेत धरून एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं. आमच्या कामात त्याचा अर्थ, उचला. मी स्कूटरला किक मारली.