माझ्या बापावर केलेलं वाक्य

"ऊठ रे. सांग यांना, तुझ्या बापानं काय केलं. इंग्रजीत."

साहेब असं म्हणाले की जुनी पोरं आधीच हसायला लागत.

भिलाईचा कारखाना उभा होत होता. मी तिथं खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मजूर. सेक्टर सहाच्या शाळेत संध्याकाळी आम्हा कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग भरे. शिकवणारे साहेब आमच्याच नागपूरकडचे, उंच जातीचे. क्लार्कच्या जागेसाठी शिफारस त्यांच्याच हाती.

एकदा त्यांनी 'वॉक आउट ऑन' समजावलं. "नुसतं निघून जाणं नव्हे. जो आपल्या भरवशावर आहे, त्याला वाऱ्यावर सोडून जाणं." मग बोट माझ्याकडे. "तुम्ही लोकांनी दीक्षा घेतली, देव बुडवले म्हणे? कर वाक्य."

केलं. माय फादर वॉक्ड आउट ऑन हिज गॉड्स. माझ्या बापानं आपल्या देवांना वाऱ्यावर सोडलं.

"शिवनाथ नदी में तैर रहे होंगे बेचारे!" मागून कोणीतरी.

सगळे हसले. मीही हसलो. हे सांगायला अर्धं आयुष्य गेलं.

बाप रेल्वेच्या दुर्ग लाइनवर गँगमन, रूळ ठोकणारा. त्यानं टोपलीतले देव शिवनाथ नदीत सोडले, तेव्हा मी शेजारी होतो. माय रडत होती. बाप म्हणाला, "पिढ्यानपिढ्या याईले खाऊ घातलं. यायच्या देवळात पाय ठेवू देल्ला का आपल्याले कोनं?"

नवी तुकडी आली की साहेब मला उठवत. मी ते वाक्य म्हणे. घरी बाप विचारी, "काय शिकून राहिला रे?" मी सांगे, "ग्रामर." वर्गाचं दार उघडंच असे. पण क्लार्कची खुर्ची दिसे, आणि पाय उचलत नसे.

शेवटी साहेब म्हणाले, "आज म्हण. उद्या तुझं नाव वर पाठवतो."

उभा राहिलो. वाक्य जिभेवर तयार. पण साहेबांनीच सांगितलेला 'भरवशावर' हा शब्द आठवला. देव कधी होते आमच्या भरवशावर? माझ्या भरवशावर एकच माणूस होता. म्हातारा. हातोडा धरून धरून बोटं वाकडी झालेला.

"नाई म्हनत."

"काय?"

"माह्या बापानं कोनाले वाऱ्यावर सोडलं नाई, साहेब. मीच त्याले सोडून राहिलो होतो. इथं, तुमच्या समोर."

कोणी हसलं नाही.

"मग खलाशीच मर," साहेब म्हणाले.

खलाशीच राहिलो. दुसऱ्या संध्याकाळी मात्र वर्गात गेलो. पहिल्या बाकावर बसलो. साहेबांनी पाहिलं, मीही पाहिलं. हाकलायचं तर त्यांनी हाकलावं. मी उठणार नव्हतो.