गाणं लागलं की उठणारे काका

सिनेमात गाणं सुरू झालं की घनपाठी काका उठायचे. नायिकेनं नुसतं मान वेळावून आभाळाकडे पाहिलं, तरी यांचे पाय अंधारात चपला चाचपायला लागायचे. पहिला ठेका पडायच्या आत काका उभे! मागच्या रांगेतून आरोळी यायची, "अरे पंडितजी, बैठिए ना!" काका त्या दिशेला अदबीनं हात जोडायचे आणि अख्ख्या रांगेचे पाय तुडवत बाहेर जायचे. गाणं संपलं की तेच पाय पुन्हा तुडवत आत. एका सिनेमात हे पाच-सहा वेळा. आणि त्या रांगेत, काकांच्या शेजारच्या खुर्चीत, कपाळावर हात मारत मी.

काका रामघाटावर आमच्याच गल्लीत राहायचे. घरातच वेदपाठशाळा. पहाटेपासून घनपाठ चालायचा, म्हणजे मंत्रातले शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून असे गुंफून म्हणायचे. त्यावरूनच त्यांना घनपाठी म्हणत. असा माणूस सिनेमाच्या वाटेला कशाला जाईल, असं तुम्हाला वाटेल. पण काकांना गोष्टीचं भलतं वेड. कोर्टाचा प्रसंग आला की ते खुर्चीच्या कडेला येऊन वकिलाला सूचना द्यायचे. खोटा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, की "हा बघ, हा बघ, पसीना फुटला!" असं म्हणत माझ्या मांडीवर थाप. आणि अशा रंगात आलेल्या गोष्टीत गाणं घुसलं, की त्यांचा अपमानच व्हायचा.

"बाप दवाखान्यात, बहीण हरवलेली, आणि हा गृहस्थ बर्फात लोळतोय!" सिनेमा सुटल्यावर ते गरजायचे. "त्या बहिणीचं काय झालं, ते आधी सांग म्हणावं!"

"काका, मनातलं बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो गातो."

"मग लिहून द्यावं! हे बघ, गाणं सुरू होताना माणूस जिथं उभा असतो, संपताना तिथंच असतो. कपडे तेवढे बदलतात."

मी गाण्यांचा कट्टर माणूस. गाणी काढून टाकली तर आपल्या सिनेमात उरेल काय, असं मी तावातावानं विचारायचो. हा वाद सिनेमा हॉलपासून सुरू होऊन गोदौलिया चौकाच्या गर्दीतून, सांडांना वळसे घालत, घाटाच्या पायऱ्यांपर्यंत चालायचा. एकदा मला वाटलं, आज पकडलं यांना. ते म्हणाले होते, "एकच ओळ चार-चार वेळा कशाला? एकदा सांगितलं, कळलं." मी हर्षानं जवळजवळ उडीच मारली. "काका! सकाळपासून एकेक शब्द उलटसुलट घोळता ते कोण?"

काका थांबले. माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "आमचं एक अक्षर हलू नये म्हणून ते घोळणं. तुमच्या गाण्यातलं अक्षर हललं तर कुणाचं काय बिघडणार आहे?" आणि पुढे चालू लागले. आता बोला! या माणसाशी भांडून कधी कुणाचं पोट भरलंय?

पण माझा खरा संताप काकूंसाठी होता. काकांना अंधारात धड दिसायचं नाही. त्यामुळे ते उठले की काकूंनाही उठावं लागे, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काका पायऱ्या उतरत. काकूंना गाणी प्राणापलीकडे आवडायची. रेडिओवरची सगळी पाठ, पण पडद्यावर एकही अख्खं गाणं पाहिलेलं नाही! मध्यंतरात त्या मला हळूच विचारायच्या, "त्या गाण्यात ती काय नेसली होती रे?" मी वर्णन करून सांगायचो आणि मनातल्या मनात काकांचं डोकं फोडायचो. एक सिनेमा काकूंना गाण्यांसकट दाखवायचाच, असा मी पणच केला.

प्रथम म्हटलं, काकांना मी बाहेर नेतो.

"तू नको," काका म्हणाले. "तुझं मन आत गाण्यात राहील आणि मला पायरीवरून पाडशील."

मग मॉलमधलं नवं थिएटर झालं. तिथं पायऱ्यांच्या कडेनं दिवे असतात. मी दाराजवळच्या खुर्च्या घेतल्या आणि काकूंना बजावलं, "आज हलायचं नाही." गाणं लागलं. काका एकटे, भिंत धरत, निमूट गेले. मी विजयानं पॉपकॉर्नचा डबा काकूंपुढे धरला, तर खुर्ची रिकामी! पडद्यावर शंभर माणसं नाचत होती, आणि मी दाताखाली पॉपकॉर्न रगडत होतो.

"काकू, काय हे?" परत आल्यावर मी कुजबुजलो.

"अरे, त्यांच्या चपला उलट्या होत्या," त्या म्हणाल्या.

गेल्या थंडीत काका गेले. उन्हाळा सरल्यावर मी काकूंना दुपारच्या खेळाला नेलं. सिनेमा मुद्दाम निवडलेला, गाणीच गाणी. मला दुःख होतं, तसं जरा समाधानही होतं. आता काकू मनसोक्त बघतील. पहिला ठेका पडला. काकू उठल्या.

"काकू, बसा ना. आता कोण आहे बाहेर?"

त्या गेल्याच. मी वैतागून मागोमाग. बाहेर गुबगुबीत बाकावर त्या पदर सावरून बसल्या होत्या. एक जागा शेजारी सोडून.

"इतक्या वर्षांनी गाणं बघायला मिळतंय, आणि तुम्ही…"

"गाणं ऐकू येतं की इथं," त्या म्हणाल्या. "ये, बस. आमचं घर तू पाहिलंयस. ओसरीवर पूजेचं ठरवायला आलेले यजमान, माजघरात विद्यार्थी, स्वयंपाकघरात सासूबाई. तिथं नवरा-बायको बोलणार कुठं आणि कधी? इथं बोलायचो. आमच्या लेकीचं, शालूचं लग्न इथंच ठरवलं. माझे वडील गेले तेव्हा पहिल्यांदा रडले तीही इथंच. म्हणजे त्या जुन्या हॉलच्या बाहेर."

तरी वाद घालायच्या सवयीनं मी बोललोच, "मग गाण्यांना शिव्या कशाला द्यायचे?"

"शिव्या दिल्या नाहीत तर उठायचं कसं?" काकू हसल्या. "अलीकडे गाणी फार कम झाली ना, तर मला म्हणाले, आता सिनेमाला जाण्यात काही मजा नाही उरली."

इतकी वर्षं, घाटापर्यंत, घसा कोरडा होईतो मी या माणसाशी भांडलो! समोर असते तर पुन्हा भांडलो असतो.

आत गाणं संपलं. मी उठलो आणि दार उघडून धरलं.

"तू जा," काकू म्हणाल्या. "दुसरं लागेपर्यंत मी बसते इथंच."