पोलंडचाचांचा म्यारा

तब्येत विचारली की आमचे पोलंडचाचा म्हणायचे, "व म्यारें." म्हणजे बेताची. ऊन, निवडणूक, नवा जावई, सगळंच त्यांच्या लेखी व म्यारें.

चाचा वणीतले लग्नकार्याचे बावर्ची. मधली काही वर्षं पोलंडमधल्या एका भारतीय हॉटेलात होते. तिथून त्यांनी एकच शब्द आणला, म्यारा; व म्यारें हे त्याचंच रूप. म्यारा म्हणजे माप. शिंपी अंगाचं घेतो तो म्यारा, मसाला मोजायचा स्टीलचा पेलाही म्यारा. कुणी फारच डोक्यावर बसला की म्हणत, "याचा म्यारा भरला आता."

स्वतः मात्र मोजून रांधणाऱ्याची टर उडवायचे. "तिकडचा मालक मीठबी पेल्यानं मोजाले लावे. म्या म्हनलं, मंग माही जीभ कायले आहे?"

कामं मी धरायचो, रांधायचे ते. मग एका तापात त्यांची चव गेली. ताप उतरला, चव आली नाही. माझ्या पुतणीचं लग्न तोंडावर होतं. मी त्यांना न विचारता राळेगावच्या एका आचाऱ्याशी बोलून ठेवलं. हे लिहितानाही मान खाली जाते.

त्यांना कळलंच. भांडले नाहीत.

"भाऊ, मले एक गंज भाजी करू दे. बिघडली तं बोलाव त्याले."

माझ्या अंगणात चूल मांडली, वर गंजाचं पातेलं चढवलं. पोलंडात शिव्या देत मोजलेलं सगळं प्रमाण चाचांच्या डोक्यात पक्कं होतं. तेल, तिखट, मीठ पेल्याने सपाट मोजून वांग्याच्या भाजीत गेलं. सवयीने पळी तोंडाशी नेली आणि थांबले. मग ती माझ्यापुढे धरली.

"खोटं सांगू नको."

"तीच चव आहे, चाचा."

"मीठ?"

"बरोबर."

"माह्या तोंडाकडे पाहून सांगून राह्यला का भाजी खाऊन?"

मी आणखी एक पळी घेतली. तेव्हा कुठे ते खाली बसले.

राळेगावच्या आचाऱ्याला मी त्याच दिवशी 'येऊ नको' असं कळवलं. लग्नाच्या सकाळी चव पाहायला म्हणून मी चुलीजवळ घोटाळत होतो. चाचांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"पोरीचा काका ना तू? मांडवात जाय. इथं तुह्यं काय काम?"

भाजी कुणीही न चाखता पंगतीत गेली. माणसांनी मागून मागून खाल्ली.

पुढे हयात असेपर्यंत चाचा रांधत राहिले, हिंदूंच्या लग्नात आणि मुसलमानांच्याही. चव परत आली नाही. वणीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आज मी ते सर्वांना सांगतो आहे, आणि सांगताना माझी छाती फुगते.