पैलवानाचं नाव अडकलं

माझे सासरे सोनारीचे. अंगकाठी अशी की वारा सुटला तर धरून ठेवावं लागेल, पण इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोलीत त्यांचं टोपणनाव 'सोनारीचा पैलवान'. कळंबच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभी हयात मुनिमकी करून घरी बसल्यावर त्यांनी हे नाव घेतलं, ते एका लंगोटीयार दोस्तासाठी. दोस्त असतो गुलबर्ग्याला. लकव्यानं त्याची वाचा गेली, एका हातानं टाइप तेवढं करता येतं. रोज चारला तो येतो, पैलवान दिसला की दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या देतात. फॅमिली ग्रुपवर ते जमत नाही, तिथं नातवंडं असतात.

त्या गप्पांच्या खोल्या ज्या सर्व्हरवर चालतात, तिथंच मी मदतनीस आहे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाचं नाव अडकतं, कुणी पासवर्ड विसरतं, त्यांना मी फुकट वाट दाखवते. घरात माझं कुणी ऐकत नाही, तिथं ऐकतात.

एका दुपारी लाइट गेली आणि आली. लगेच सर्व्हरवरच्या मदतीच्या खोलीत 'पाहुणा' या नावानं एक जण उगवला. 'माझ्या नावावर कोन चोर बसलाय? सोनारीचा पैलवान म्या हाय. चारला दोस्त येनार. म्या दिसलो न्हाय तर त्याला वाटंल, म्हातारा गेला. त्याला फोन करून इचारता बी येत न्हाय.'

भिंतीपलीकडून कीबोर्ड बडवल्याचा आवाज येतच होता.

मी समजावलं की चोरबीर कुणी नाही, ते तुम्हीच आहात. लाइट गेल्याचं सर्व्हरला कळत नाही, एसटीतल्या सीटवर रुमाल राहावा तसं तुमचं नाव तिथं राहिलंय. पासवर्ड देऊन ते उठवायचं. त्यांचा एकच हेका, म्या इथं हाय तर तिथं म्या कसा? चार वाजत आले. शेवटी मी सर्व्हरला द्यायची आज्ञा लिहूनच दिली आणि बजावलं, ओळीच्या आधी जागा सोडू नका, नाहीतर लिहिलेलं सगळ्यांना दिसेल. त्यांनी सोडलीच. मुनिमाचा हात, समास सोडल्याशिवाय चालत नाही.

खोलीभर पासवर्ड झळकला: कजागसून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नागपूरच्या एकानं वर हसरा चेहरा टाकला. वाटलं, बसा आता बोंबलत. पण तिकडं तो मुका माणूस घाबरणार होता, आणि त्यानं मला काही म्हटलेलं नव्हतं. दात-ओठ खात मी लिहिलं, 'पुन्हा करा. अजिबात जागा न सोडता.'

जमलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून सासऱ्यांचं हसू ऐकू आलं, खोकला लागेपर्यंत.

संध्याकाळी ते आभार मानायला मदतीच्या खोलीत आले. म्हणाले, 'बाई, तुमी लई शांतपनानं सांगितलं. आमच्या घरची असती तर अंगावर आली असती.' मी लिहिलं की तुमचा पासवर्ड सगळ्यांनी पाहिलाय, तो बदला. नवा कुठला ठेवू, त्यांनी विचारलं. मी लिहिलं, 'सुनेला विचारा.'

भिंतीपलीकडं खुर्ची सरकली. मग स्वयंपाकघराच्या दारात खाकरल्याचा आवाज झाला. एक पासवर्ड सुचव म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला काही विचारायची ही पहिलीच वेळ, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी जीभ ती जीभच. "जुना काय वाईट होता, मामा?"

ते चौकट धरून उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"त्यो व्हय," ते म्हणाले, "त्यो फकस्त ध्यानात राहावा म्हनून ठिवला होता."